ओंडका आणि पाचर

त्या शनिवारी आम्हाला दोनशे डझन पिरोह्या करायच्या होत्या आणि एक माणूस निवडायचा होता.

पिरोह्या, म्हणजे बटाटा भरून उकळलेल्या करंज्या, रविवारच्या जेवणासाठी; माणूस संघासाठी. दोन्ही कामं चर्चच्या तळघरातल्या एकाच टेबलावर. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी व्यावसायिक संघ कॉलेजांतले खेळाडू आळीपाळीनं वेचून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या फेऱ्या गुरुवार-शुक्रवारी उरकतात. ती मोठी नावं, नवे सूट, रडणाऱ्या आया. शनिवारी दुपारी उरतात त्या मागच्या फेऱ्या, चौथी ते सातवी. तिथं नावाजलेलं कोणी नसतं. तिथं पारखी नजर लागते. म्हणून तो दिवस आमचा.

आमचा फुटबॉल अमेरिकेतला, हातात चेंडू धरून पळायचा, अंगावर अंग घालायचा. चेंडू घेऊन पळणारा सगळ्यांनाच दिसतो. आमचं टेबल बघतं ते जमिनीला बोटं टेकून ओणवं बसणाऱ्यांना, बचावाच्या पहिल्या रांगेला. आम्ही नुसतं 'लाइन' म्हणतो. समोरून तीनशे पौंडांचा गडी अंगावर येतो आणि हे जागचे हलत नाहीत. आमचे बाप असेच होते. आयुष्यभर भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले, आणि त्यांचं पोलाद ज्या पुलाला लागलं त्या पुलावर नाव दुसऱ्याचंच. आता भट्ट्या थंड आहेत, नदी स्वच्छ झालीय, पण लाइनवरचा आमचा जीव काही निवलेला नाही.

टेबलाच्या डोक्याशी तेता पाव्लिना. वय एक्याऐंशी, कणिक तिच्या हातची. तेता म्हणजे मावशी. ती सख्खी मावशी कुणाचीच नाही, पण या काठावरच्या तीन गावांची आहे. तिच्या उजव्या हाताला इर्मा, लाटून डब्याच्या काठानं गोल पाडणारी, जिभेनंही तसेच गोल तुकडे पाडणारी. आणि समोर आम्ही दोघी चिमटेकरणी, व्हेर्ना ह्रिंको आणि मी, युस्तिना. बटाटा आत ठेवायचा, चंद्र दुमडायचा, कड चिमटायची. अर्ध्या तासात बोटं आपली आपण चालायला लागतात आणि मग तोंड मोकळं होतं.

तेता पाव्लिना कणिक मळताना जुन्या बोलीत गुणगुणते. तिचं ते गाणं आपल्या भाषेत आणलं तर असं काहीसं होईल:

पीठ मळलं मऊ मऊ, चंद्र पाडले गोल गोल,
पोटात ठेव गं गुपित, ओठ मिटून मग बोल.

मात्र लाइनबद्दल गुपित ठेवायला आमच्या टेबलावर बंदी. नियम दोन. ज्याच्या बाजूनं बोलायचं त्याचे तीन सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेले हवेत. आणि बोलताना आधी त्याची खोट सांगायची, मग गुण.

"पिरोहीला भोक असेल तर ते उकळत्या पाण्यात सोडायच्या आधी सांगा," तेता म्हणते. "मागाहून नुसता बटाटा तरंगतो."

मग मतं घ्यायची, आणि आपल्या संघानं कुणाला घ्यावं ते भिंतीवरच्या मांस गुंडाळायच्या पांढऱ्या कागदावर लिहायचं. बरोबरी झाली तर तेताचं मत दोनदा धरायचं. संघ आमचं ऐकतो असं नाही. तो शहरात नदीच्या खालच्या अंगाला असतो, आणि त्याला आमचा पत्ताही ठाऊक नाही. पण अडतीस वर्षांत दोनदा आम्ही लिहिला तोच माणूस त्यांनी घेतलाय, आणि ते दोघं कोण हे इर्मा तुम्हाला झोपेतून उठून सांगेल.

त्या वर्षी टेबलावर एक अवघडलेपण होतं, आणि ते साडेतीनशे बटाट्यांच्या पातेल्यापाशी उभं राहून घोटणी चालवत होतं. व्हेर्नाचा मुलगा सिरिल. बावीस वर्षांचा, दोनशे पंच्याण्णव पौंडांचा, उंची मात्र सहा फुटाला अर्धा इंच कमी. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात लाइनमध्ये खेळलेला. कुठल्याशा संघाचा फोन येईल या आशेवर घरी बसवेना म्हणून आईबरोबर आला होता. तळघरात फोनला सिग्नल नसतो, म्हणून त्यानं फोन जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून पायरीकडे बघत होता.

"अरे, बघून बघून पायरीला भोक पडेल," इर्मा म्हणाली. "घोट नीट. गाठी राहिल्यात."

"गाठी नाहीत, तेता इर्मा."

"मग ते काय आहे, मोती?"

टीव्हीवर चौथी फेरी सुरू झाली. तेतानं पिठाचे हात झटकले.

"चला. आपला जुना नोज गुडघे गेले म्हणून घरी बसला. मधली जागा मोकळी आहे. ओंडका हवा की पाचर?"

नोज म्हणजे रांगेतला अगदी मधला, चेंडूच्या नाकासमोर बसणारा. आणि ओंडका, पाचर हे शब्द तेताचे. ओंडका म्हणजे जागा धरणारा: दोघं येऊन आदळले तरी तसूभर सरकत नाही, त्याच्या मागचे मोकळे राहतात. पाचर म्हणजे फटीत घुसणारा, दोघांच्या मधून पलीकडे जाऊन सगळं फोडणारा. प्रत्येक संघाची आपली रीत असते. आमच्या संघाची रीत ओंडक्याची, माझ्या लग्नाच्या आधीपासून.

"ड्राफ्ट कशाला?" मी म्हटलं. "तो डेट्रॉइटकडचा मोकळा झालाय ना, त्याला सरळ करारावर घ्यावं. तयार माणूस."

"बत्तीस वर्षांचा!" इर्मा लाटणं थांबवून म्हणाली. "दोन घटस्फोट, एक मोडकी पाठ. त्याला सोफा हवाय, संघ नको."

"माझा माणूस ओडेल नार्सिस," तेता म्हणाली. "लुइझियानाचा. तीनशे चाळीस पौंड. खोट सांगते: आळशी आहे. तिसऱ्यांदा पळायची वेळ आली की तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघतो. आणि हात उशिरा उचलतो. आता गुण. एकदा बसला की बसला. मी त्याचे पाच सामने बघितले, पाचांत त्याला मागे सरकताना एकदाच बघितलं, तेही तो पाणी प्यायला चालला होता."

आम्ही हसलो. व्हेर्नाही हसली. मग इर्मानं हात पुसले, कागदापाशी गेली आणि नार्सिसच्या खाली रंगीत खडूनं लिहिलं: सिरिल ह्रिंको.

घोटणीचा आवाज थांबला.

"लिहिलं बाई मी," इर्मा म्हणाली. "कुणीतरी लिहायलाच हवं होतं. आपल्या गल्लीतला पोर, आपल्या संघात. खोट सांगते: बुटका आहे."

"ही खोट नव्हे, ही पट्टीची मोजणी झाली," तेता म्हणाली. "खोट सांग."

"मला दिसत नाही त्याच्यात खोट."

"मग तू त्याचे सामने बघितलेच नाहीस, नुसत्या टाळ्या वाजवल्यास."

इर्मा माझ्याकडे वळली. "बरं, युस्तिना, तू बोल. तुझं मत?"

मी सिरिलकडे बघितलं. मान खाली घालून पातेल्याची कड बोटानं पुसत होता. एवढासा असताना माझ्या अंगणातला बर्फ फावड्यानं काढून द्यायचा, आणि कोको पाजल्याशिवाय हलायचा नाही.

"सिरिलला," मी म्हटलं.

सिरिलला दोन, नार्सिसला एक. राहिली व्हेर्ना.

व्हेर्नाबद्दल एवढंच सांगते. ती शाळेची बस चालवते. परगावचा सामना असला की शाळेच्या संघाला तीच न्यायची, आणि सामना संपेपर्यंत बाकावर रिकामी बसायची. एकदा लाइनच्या मास्तरांनी तिच्या हातात कॅमेरा दिला. म्हणाले, "बाई, बसलाच आहात तर हे धरा. चेंडूकडे बघायचं नाही. जमिनीला हात टेकलेल्यांवरून कॅमेरा हलवायचा नाही." तिनं तो अकरा वर्षं हलवला नाही. शेवटची चार वर्षं त्या चौकटीत तिचा स्वतःचा मुलगा होता, तरीही नाही. आपल्या पोरानं चेंडू शेवटच्या रेषेपार नेला म्हणून लोक उड्या मारायचे तेव्हा व्हेर्ना विचारायची, कुणी नेला? तिला खरंच दिसलेलं नसायचं. पण डावीकडच्या तिसऱ्या पोराचा पाय कितव्या वेळी घसरला हे ती महिन्यानंतरही सांगायची.

एवढ्या वर्षांत टेबलावर स्वतःच्या मुलाबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

"मी बोलले तर मला आधी खोट सांगावी लागेल," ती म्हणाली.

"नियम आहे," तेता म्हणाली. पण मऊपणानं म्हणाली.

व्हेर्नानं हातातली पिरोही चिमटून पूर्ण केली, ताटात ठेवली.

"दमला की उठतो. सामन्याच्या शेवटच्या भागात कमरेतून सरळ होतो, आणि मग दोघं मिळून त्याला दार ढकलावं तसं ढकलतात. हात आखूड आहेत, त्यामुळे समोरचा आधी पोचतो. जागा धर म्हटलं तर जीव जाईपर्यंत धरेल. पण ते त्याचं काम नाही. तो पाचर आहे. आपल्या संघाला ओंडका हवाय." तिनं पुढचा चंद्र उचलला. "माझं मत नार्सिसला."

"आणि गुण?" तेतानं विचारलं.

तेवढ्यात चुलीवरचं मोठं भांडं उतू गेलं. पाणी फसफसून ज्योतीवर आलं, व्हेर्ना फडकं घेऊन धावली, आणि गुण तसेच राहिले. सिरिलनं घोटलेल्या बटाट्याचं पातेलं आणून टेबलावर ठेवलं. कुणाकडे न बघता जिन्यात जाऊन बसला. छत बुटकं आहे. मान वाकवूनच जावं लागतं त्याला, पण त्या वेळी ती मान जरा जास्तच वाकली असं मला वाटलं.

दोन-दोन अशी बरोबरी. तेताचं मत दोनदा. कागदावर नार्सिसभोवती गोल पडला.

आणि पाचव्या फेरीत, आमचे हात कांदा-लोण्यात असताना, टीव्हीवरच्या माणसानं चिठ्ठी उघडली आणि आमच्या संघाचं नाव घेऊन म्हणाला: ओडेल नार्सिस, नोज, लुइझियाना.

काय सांगू. इर्मानं लाटणं वर फेकलं, ते छताला लागून कॉफीच्या भांड्यावर पडलं. तेता पाव्लिना उठली, एक्याऐंशी वर्षांची बाई, ॲप्रनला पीठ, आणि कमरेवर हात ठेवून तिनं लग्नातला नाच नाचून दाखवला, तीन पावलं पुढे, तीन मागे. "अडतीस वर्षांत तिसरा!" ती ओरडली. "सांगा त्या शहरवाल्यांना! लाखो डॉलर देऊन माणसं ठेवतात, आणि आम्ही बटाटे चिमटता चिमटता सांगतो!"

मी वळून पाहिलं तर व्हेर्ना चिमटतच होती. एकेका पिरोहीची कड तिनं इतकी दाबली होती की पातळ होऊन आतला बटाटा दिसायला लागला होता.

"अगं, आपण जिंकलो," मी म्हटलं.

"हो ना. चांगला माणूस मिळाला." ती हळूच म्हणाली. "आता तिथली जागा भरली, युस्तिना."

तेव्हा मला उमगलं. ज्या माणसासाठी आम्ही नाचत होतो, त्यानंच सिरिलच्या तोंडावर दार लावलं होतं. आणि हे तिला दुपारीच, मत देतानाच, ठाऊक होतं.

सहावी फेरी गेली. सातवी लागली. दर नावाला इर्मा "आता, आता" म्हणायची, आणि दर नावाला जिन्यावरचा तो मोठ्या पाठीचा आकार थोडा आणखी लहान व्हायचा. व्हेर्ना मात्र ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती.

"घेऊ देत गं त्याला कुणीतरी, अशी मीही प्रार्थना करतेय," मी म्हटलं.

"मी उलटी करतेय," ती म्हणाली. "सातव्या फेरीत घेतलं तर जिथं नेतील तिथं मुकाट जावं लागतं. कुणीच नाही घेतलं तर निवडता येतं."

फेरी संपायला आली होती, शेवटची पाच-सहा नावं राहिली होती, तेव्हा फोन वाजला. सिरिल चौथ्या पायरीवर ताठ उभा राहिला आणि त्याचं डोकं छताला आपटलं. त्याचा एजंट बोलत होता. बोलणं दोन मिनिटांचं. मग सिरिल खाली आला, तेव्हा त्याचा चेहरा लहानपणीचा तो कोकोवाला होता.

"दोन संघ करार द्यायला तयार आहेत," तो म्हणाला. "एक पॅसिफिक किनाऱ्यावरचा." तो आईकडे वळला. "आणि एक आपला."

"आपला!" इर्मा किंचाळली. "आपला म्हणाला गं तो, आपला!"

"पंधरा मिनिटांत सांगायचंय. नाही तर ते पुढच्याला फोन लावतील."

तेतानं क्रूसाची खूण केली. इर्मा रडायलाच लागली. रडता रडता शर्ट कोणत्या नंबरचा घ्यायचा हे विचारू लागली. आणि त्या सगळ्या गलबल्यात व्हेर्ना म्हणाली,

"नको."

"काय नको?" सिरिल म्हणाला.

"आपला संघ नको. तिकडे जा."

इर्माचं रडणं थांबलं. "व्हेर्ना ह्रिंको, तू आई आहेस की कोण आहेस? पोराला या गावातला एकेक माणूस..."

"जुलैत नव्वद जण घेतात, इर्मा. सप्टेंबरात त्रेपन्न उरतात. आपल्याकडे मध्ये नार्सिस आला. त्याच्यामागे दोघं आधीचे आहेत, दोन्ही ओंडके. सिरिलला जुलैभर आदळायला ठेवतील आणि ऑगस्टच्या शेवटी हातात पिशवी देतील."

"मला ठेवून घेतील असं मी खेळेन," सिरिल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आई, मी सहा वर्षांचा असल्यापासून त्या संघाचा शर्ट घालून झोपलोय. दुपारी तू सगळ्यांसमोर माझी खोट काढलीस. मी ऐकून घेतलं, नियम आहे. पण खोट सांगितलीस आणि उठून गेलीस. पुढचं सांगितलंच नाहीस."

"पाणी उतू गेलं होतं रे."

"आता नाही जात."

खरंच, भांड्यातल्या पिरोह्या एकमेकींना लागत संथ उकळत होत्या. व्हेर्नानं हात ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले.

"तू नववीत होतास," ती म्हणाली. "स्टीलटनला सामना होता, पाऊस होता. घरी आल्यावर मी फिल्म लावली. चेंडू हलतो न हलतो तोच तू निघत होतास. मला वाटलं, पोरगा उतावळा आहे, दंड होणार. पण एकदाही दंड नाही. मी फिल्म थांबवली, पुढे नेली, मागे आणली. अकरा वर्षांत चारशे पोरं बघितली मी, सगळ्यांचे डोळे एकतर चेंडूवर नाहीतर समोरच्याच्या चेहऱ्यावर. तुझे डोळे खाली होते. जमिनीवर. तू समोरच्याची नखं बघत होतास."

सिरिलनं आपल्याच नखांकडे बघितलं.

"पुढे मुसंडी मारणार असेल तर बोटांवर भार येतो, नखं पांढरी पडतात. मागे सरकणार असेल तर गुलाबी राहतात. हे तुला मी शिकवलं नाही. मास्तरांनी शिकवलं नाही. मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, काय सांगता बाई, नखं? पावसात? चौदा वर्षांच्या पोराला?" तिचा आवाज जरासा हलला, आणि पुन्हा जागेवर आला. "तुझं पहिलं पाऊल, सिरिल, कॉलेजात ज्यांच्याशी खेळलास त्या सगळ्यांच्या आधी पडतं. लांबून धावत आलास तर तू कुणीच नाहीस. पण एक पाऊल, फक्त एक, तुझ्यासारखं मी कुणाचं बघितलं नाही. आपला संघ तुला सांगेल, थांब, धर, मग बघ. ते तुझे डोळे बांधतील. तिकडचा मास्तर आपल्या पोरांना सांगतो, दिसलं की जा. मी त्यांचे सतराच्या सतरा सामने बघितलेत. त्यांचा मधला माणूस मार्चमध्ये दुसरीकडे गेला. दुसऱ्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालीय. तिथं जागा आहे, आणि ती तुझ्या मापाची आहे."

टीव्हीवर कुणीतरी शेवटचं नाव वाचलं. कुणी ऐकलं नाही.

सिरिल तेताकडे वळला. "तेता पाव्लिना, तुम्ही सांगा. माझ्यासाठी नका बोलू. संघासाठी बोला. मी कोण आहे हे विसरा. आपल्या संघानं हा बुटका ह्रिंको घ्यावा का?"

तेता पाव्लिनानं पिठाचे हात मांडीवर ठेवले. तिनं सिरिलला बाप्तिस्म्याच्या दिवशी हातात धरलं होतं. तेव्हाच अकरा पौंडांचा होता म्हणते.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मला पुरतील तेव्हा अंगावर आपल्या संघाचा शर्ट असेल आणि पाठीवर आपल्याच पोराचं नाव. पण संघासाठी विचारतोस तर, नाही रे राजा. घेऊ नये. त्यांनी आणखी एक ओंडका घ्यावा, नार्सिस दमला की उभा करायला. तुला घेतलं तर ते चुकतील, आणि तुला वाया घालवतील."

"तेता इर्मा?"

"मला विचारू नकोस," इर्मा नाक पुसत म्हणाली. "मी घेतलं असतं. मी मूर्ख आहे, मी तुला पहिल्या फेरीत घेतलं असतं."

तो हसला. मग चौथ्या पायरीवर गेला आणि फोन लावला.

एजंटानं काय केलं कोण जाणे, पण दोनच मिनिटांत आमच्या संघाचा लाइनचा मास्तर स्वतः फोनवर आला. सिरिलनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मला वाटतं, आम्ही ऐकावं म्हणून. आवाज घोगरा, घाईतला.

"ह्रिंको, ऐकलं ते खरं का? गावचा पोरगा आणि आम्हाला नाही म्हणतोस?"

"हो सर. तुम्ही विचारलंत, हाच माझा मान आहे. पण तुमच्याकडे जागा धरणारे लागतात, आणि तुम्ही आज नार्सिसला घेतलंत. बरोबर घेतलंत. मी फटीत घुसणारा आहे."

"हे तुला एजंटानं सांगितलं?"

"आईनं."

"आई कुठे कोच आहे?"

"शाळेची बस चालवते, सर."

पलीकडे कागद उलटल्यासारखा आवाज आला.

"नार्सिसबद्दल काय म्हणते ती?" मास्तरानं विचारलं.

सिरिलनं आईकडे बघितलं. व्हेर्ना जिन्याच्या तोंडाशी आली. मान वर करून, जरा मोठ्यानं, बसमध्ये मागच्या बाकावरच्यांना सांगावं तसं म्हणाली, "हात उशिरा उचलतो. सुरुवातीलाच मोडा ती सवय. बाकी तो दहा वर्षं हलणार नाही."

"हो बाई," मास्तर म्हणाला. त्याच घोगऱ्या आवाजात. मग म्हणाला, "ह्रिंको, नशीब काढ," आणि फोन ठेवला.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. 'हो बाई' म्हणाला होता. संघाचा मास्तर, आमच्या तळघरातल्या बाईला. तेता पाव्लिनाची मान अशी ताठ झाली होती की हनुवटीखालची सैल कातडीसुद्धा जागेवर बसली.

दुसरा फोन छोटा झाला. हो, हो, सोमवारी, हो, थँक यू. एवढंच. बस्स, आमचा सिरिल पॅसिफिक किनाऱ्याचा झाला.

"तिकडचे सामने किती वाजता असतात?" तेतानं पहिला प्रश्न विचारला.

"ते तीन तास मागे आहेत," मी सांगितलं. "त्यांचा एक म्हणजे आपले चार."

तेतानं बोटांवर हिशेब केला. "चर्च सुटतं, जेवण होतं, भांडी घासून होतात. बरी सोय आहे."

"मी त्यांचा रंग अंगाला लावणार नाही, आधीच सांगते," इर्मा म्हणाली.

"कोणता आहे?"

"माहीत नाही. पण लावणार नाही." मग थोड्या वेळानं, "मफलर चालेल. मफलर काही कुणी बघत नाही."

सिरिल खाली आला. आमच्या टेबलाशी पुरुष बसत नाहीत. तशी रीतच नाही. त्यानं खुर्ची ओढली, व्हेर्नाच्या शेजारी बसला, आणि खुर्ची करकरली. तेतानं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"सतरा सामने," तो म्हणाला. "कधी बघितलेस?"

"पहाटे. बस काढायच्या आधी. जानेवारीपासून."

"मला सांगितलं नाहीस."

"त्यांनी फोन केलाच नसता तर? तुला आपला संघ हवा होता. त्यात मी कशाला दुसरं भरवू."

त्यानं एक चंद्र उचलला, मधोमध बटाटा ठेवला, आणि त्या जाड बोटांनी कड दाबायला लागला. वाकडी झाली. व्हेर्नानं ती हातातून घेतली नाही.

"सांग आता," तो म्हणाला. "तिथं माझ्या शेजारी कोण कोण असणार?"

व्हेर्ना सांगायला लागली. डावीकडच्या टोकाला क्विंटन फासोलो, सामोआचा, आठ वर्षं खेळलेला, त्याच्या बाजूनं कुणी पळत नाही. त्याच्या आत डेझमंड ॲब्लर्ड, फार बोलतो, पण गुडघा खाली ठेवतो. उजवीकडे तो लांबट पोरगा, हालवर ग्रिंडेलंड, मिनेसोटाचा, डाव्या हातानं जोर लावणारा. ती एकेक नाव घेत होती, एकेकाचं पाऊल सांगत होती, आणि सिरिल मान हलवत होता.

इर्मानं लाटणं हळू केलं. तेतानं गुणगुणणं थांबवलं. हात चालवता चालवता आम्ही सगळ्याच ऐकत होतो, कारण ती नावं आता आम्हालाही पाठ करायची होती.